एक वर्ष आहेर बंद

मंगळवार, २१ जानेवारी १९७५. सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी दुसरबीडच्या थांब्यावर मेहकरची एस.टी. आली आणि शालिग्राम तीत चढला. भांड्यांवर नावं घालणारा तो. वय चौतीस. हातात एकच पिशवी; तीत दोन सदरे, चार भाकरी, छिन्नी आणि हातोडी. सोडायला बायको कोकिळा आली होती. मेहकरहून खामगाव, जलंबला गाडी, पुढे सुरत, असा बेत होता. सुरतेला भांड्यांचा मोठा बाजार आहे, असं त्याने ऐकलं होतं.

"पोचल्यावर कार्ड टाकजा," कोकिळा म्हणाली.

"टाकतो."

"अन् काम नाही भेटलं तं?"

"तं वापस येतो. भेटलं तं तुले नेतो. कसंबी झालं तरी सुटका नाही तुही."

ती हसली. कंडक्टरने घंटी मारली. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. एका रात्रीपेक्षा जास्त ती दोघं कधी वेगळी राहिली नव्हती.

ही वेळ दुष्काळाने आणली नव्हती. बहात्तरचा दुष्काळ दोघांनी सरकारी कामावर खडी फोडून काढला होता. चौऱ्याहत्तर साली पाऊस बरा झाला, ज्वारीचं पीक चांगलं उभं राहिलं. भीती मात्र गेली नव्हती. हातात आलेलं धरून ठेवावं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

ऑक्टोबरात दुसरबीडपासून कोसभरावरच्या त्यांच्या गावात पारावर सभा झाली. वैजनाथ मास्तर बोलले. बुलढाण्याहून बदलून आलेले, नऊ वर्षं गावात राहिलेले, गावाने ऐकावं असे गृहस्थ. ते म्हणाले, "एका लग्नात साठ-सत्तर भांडी येतात. चार वापरात, बाकीची माळ्यावर. ती फेडायला पुढे दहा वर्षं आपण दुसरी भांडी घेत बसतो. एक वर्ष आहेर बंद ठेवा. ज्याचं त्याच्या घरात राहील."

यात चूक काढता येत नव्हती. एका घरापुरतं ते खरंही होतं. सगळ्यांनी हात वर केले. शालिग्रामनेही केला.

"अबे, तुह्याच पोटावर पाय हाय," शेजारचा निवृत्ती म्हणाला. "हात काऊन वर करतं?"

"भाचीचं लगन हाय ना बे मेहकरले. माहेबी पाच भांडे वाचतात."

लोक हसले. मास्तरही हसले.

त्या भागात बिननावाचं भांडं म्हणजे आहेर नव्हे. कोणी दिलं हे भांड्यावर कोरलेलं असेल, तरच ते त्याच्या घरच्या लग्नात परत जातं. शालिग्राम उत्तमरावांच्या दुसरबीडच्या दुकानाबाहेर, पायरीवर बसून हे काम करी. मजुरी अक्षरावर. म्हणून गिऱ्हाइकाला त्याचा ठरलेला प्रश्न असे : "सप्रेम घालू, का नुसतीच भेट?" चिकट माणसं नुसतीच भेट घालून नेत.

आजूबाजूच्या सात गावांनी तोच ठराव केला. तुळशीचं लग्न झालं, माणसांची लग्नं सुरू झाली. नोव्हेंबरात दुकानातून एक घागर गेली. डिसेंबरात काहीच नाही. उत्तमरावांनी नवा माल मागवणं थांबवलं. "तू बसत जा शालिग्राम," ते म्हणाले, "पायरी काई मी बंद नाही केली." शालिग्राम महिनाभर नुसता बसला. त्याने शिवायला टाकलेलं सदऱ्याचं कापड न शिवताच परत आणलं. शिंप्याने दोनपैकी एक मशीन झाकून ठेवली. निवृत्ती बाजारात ज्वारी घेऊन गेला आणि अर्धी तशीच बैलगाडीत परत आणली. त्याने शेतात विहिरीची जागा आखून ठेवली होती. माती वाहायला बारा बाया ठरल्या होत्या, त्यांत कोकिळा होती.

"यंदा राहू दे," तो तिला म्हणाला. "पानी पाजून माल काढीन, अन् घेईन कोन?"

एकाच हंगामात त्या घरातली दोन्ही कामं गेली.

संक्रांतीनंतर मास्तर पायरीवर येऊन बसले. त्यांनी विचारलं, "माझं चुकलं कुठे, शालिग्राम? पैसे तर वाचले ना लोकांचे?"

"वाचले ना. निवृत्तीभाऊनं माह्याकडचे वाचवले. मी शिंप्याकडचे वाचवले. शिंप्यानं कोनाकडचे वाचवले ते त्याले इचारा." मग तो म्हणाला, "तुमी कायले मनाले लावून घेता, मास्तर? मीबी तं हात वर केला."

सहा दिवसांनी तो गेला.

रविवारी, ९ फेब्रुवारीला, मास्तरांनी पुन्हा सभा बोलावली. आपलं चुकलं, असं त्यांनी उभं राहून सांगितलं. ठराव एकमताने रद्द झाला. पण दुकानात कोणी गेलं नाही. आहेर पहिल्यांदा देणाऱ्याला तो परत मिळेलच याची आता खात्री नव्हती. "पयले दुसऱ्यायले देऊ द्या, मंग आपन पाहू," असं घरोघरी चाललं होतं. पंधरा दिवसांनी निवृत्तीच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात भांडं एकच आलं, मास्तरांचं पितळी पातेलं. नाव घालायला कोणी नव्हतं. पातेलं कोणाचं, हे संध्याकाळी कोणाला आठवेना.

सुरतेहून एक कार्ड आलं होतं, २९ जानेवारीचं. ते मास्तरांनीच कोकिळेला वाचून दाखवलं होतं. 'इकडे नाव विजेच्या मशीनवर घालतात. छिन्नीवाल्याला उभे करत नाहीत. मशीन शिकायचे बघतो. तू जेवत जा.' वर एका धर्मशाळेचा पत्ता होता.

त्या पत्त्यावर मास्तरांनी १० फेब्रुवारीला पत्र टाकलं. ठराव मोडला, निघून ये, भाड्याचं मी बघतो. १५ मार्चला ते परत आलं. पाकिटावर लाल शाईत शेरा होता : सदर इसम येथे राहत नाही.

मास्तर ते घेऊन कोकिळेच्या दारात गेले. ती चुलीसाठी तुराट्या मोडत होती.

"गुरुजी, तुमी त्यायले ये म्हनून लिवलं होतं ना?"

"हो."

"म्हंजे त्यायले ठाऊकच नाही, ठराव मोडला म्हनून."

"नाही."

तिने आणखी दोन तुराट्या मोडल्या. मास्तर उभेच होते. त्यांनी पाकीट पुढे केलं, तिने घेतलं नाही.

"तुमच्याजवळच ठेवा. मले वाचता येत नाही."

"कोकिळाबाई, मला बोला तरी काही."

"काय बोलू? साऱ्यायनं हात वर केला. मीबी केला असता. बायकायले बलावलंच नव्हतं."

मास्तरांनी सुरतेच्या पोलिसांना एक आणि खामगावच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला एक, अशी दोन पत्रं लिहिली. व्यापाऱ्याचं उत्तर आलं; त्याच्या सुरतेच्या आडत्याला असा माणूस आढळला नाही. पोलिसांचं उत्तर नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सरकारने रस्त्याचं काम काढलं. कोकिळा खडी फोडायला जाते. हजेरीपट भरताना कारकुनाने नवरा कुठे असतो, असं विचारलं. तिने बाहेरगावी, असं सांगितलं, आणि त्याने तसं लिहून घेतलं.