चार नंबरची खोली

लेकीने चहाचा कप उचलला तेव्हा आईला तो डाग पहिल्यांदा दिसला. डाव्या हाताच्या पाठीवर, चिकटपट्टी ओढून काढल्यावर राहतो तसा करडा, चौकोनी डाग. सलाईन लावतात ती जागा. नवऱ्याच्या हातावर ती जागा आईने इतकी पाहिली होती की अंधारातसुद्धा ओळखली असती.

"हे काय गं?"

"कुठे काय? सेटचं काम चाललंय. टेप लावतो आम्ही सगळीकडे."

"हाताला?"

"पडद्याला लावायचा टेप हाताला लागतोच, आई."

उत्तर इतकं पटकन आलं की आईच्या मनात पाल चुकचुकली. खरं बोलायला माणसाला जरा वेळ लागतो, असं तिचं मत होतं. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. समोरच्या मजकुरात चूक असणारच, असं धरून वाचायचं, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. घरी आल्यावर ती सवय चपलांबरोबर दारात काढून ठेवता येत नाही.

लेक कॉलेजात नाट्यकला शिकत होती, शेवटच्या वर्षाला. आईने परवानगी दिली होती, पण मनातून नव्हे. धाकटे दीर दर भेटीत त्यावर मीठ चोळायचे. "वहिनी, पदवी मिळाल्यावर करणार काय ती? पडदे ओढणार?" मग जरा पुढे वाकून म्हणायचे, "आणि एक सांगू? पोरगी म्हणाल तेव्हा रडून दाखवते, म्हणाल तेव्हा हसून दाखवते. खरं कधी बोलते, ते तुम्ही ओळखता कसं?"

ते वाक्य आईच्या मनातून जात नव्हतं.

त्यात बुधवारची भानगड. नवरा गेल्यापासून आईचा नेम होता, सकाळी उठल्यापासून नऊपर्यंत मौन. दिवसातलं पहिलं बोलणं देवाशी, तेही मनातल्या मनात. लेकीला सगळं ठाऊक. आणि ही बया दर बुधवारी सकाळी सातलाच घराबाहेर पडायची, म्हणजे आईला विचारता येऊ नये अशा नेमक्या वेळी. आई हातवारे करून विचारायची, कुठे? लेकही हातवारे करून, डोळे मोठे करून, नाचून उत्तर द्यायची, आणि त्या उत्तरातून काहीच कळायचं नाही.

मंगळवारी संध्याकाळी आईने तिला आरशासमोर पाहिलं. बरगडीखाली हात दाबून उभी होती. ओठ कोरडे, श्वास तुटक, चेहरा पांढराफटक. आरशात आई दिसताच हात खाली आला.

"दुखतंय का तुला?"

"छे. तालीम."

"कसली तालीम?"

"अशीच गं. तू पण ना, संशयाचं दुकान उघडून बसतेस."

बापाचंही असंच सुरू झालं होतं. बरगडीखाली हात, आणि तोंडाने "काही नाही गं". त्या रात्री तिने देवाला हात जोडून सांगितलं, उद्या मी हिच्या मागे जाणार आहे. मौन मोडणार नाही, पण जाणार.

बुधवारी लेक बसच्या पुढच्या दाराने चढली आणि आई मागच्या. मधे उभ्या प्रवाशांची भिंत होती. लेक उतरली तो थांबा आईने लगेच ओळखला. समोर तेच इस्पितळ. नवऱ्याला शेवटचं आणलं होतं ते. त्यानंतर हा रस्ता तिने टाकूनच दिला होता. छापखान्यात जायला लांबचा वळसा पडायचा, पण ती तोच घ्यायची.

लेक सराईतासारखी आत शिरली. पहारेकऱ्याने तिला हसून हात केला. ओळखीची होती म्हणजे. नेहमी येणारी होती म्हणजे. आई पदराने अर्धा चेहरा झाकून मागे निघाली. जुन्या इमारतीचा एक लांब व्हरांडा, दोन्हीकडे बंद दारं, प्रत्येक दारावर कागदावर लिहिलेला आकडा. लेक तीन नंबरच्या दारात दिसेनाशी झाली.

"अहो, किती उशीर!" मागून आवाज आला. गळ्यात शिट्टी आणि हातात यादी अशी एक लगबगीची बाई धावत येत होती. "सरांनी पाठवलंय ना तुम्हाला? नाट्यविभागाच्या?"

सर म्हणजे लेकीचे कॉलेजातले सर. त्यांनाही माहीत होतं तर. माहीत नव्हतं ते फक्त आईला. तिने छातीवर हात ठेवला, ओठांवर बोट ठेवलं.

बाईचा चेहरा खुलला. "समजलं, समजलं. मूडमध्ये आहात. नाही बोलत मी. या आत."

मान हलवली तर आत जायला मिळत होतं. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी आईने देवाजवळ समजूत घातली आणि मान हलवली.

चार नंबरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा पेला, कागदी रुमालांचा खोका. कोपऱ्यात एक पिकल्या केसांचे गृहस्थ मांडीवर पुठ्ठा घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. बाजूच्या भिंतीपलीकडून लेक खोकत होती. तो खोकला आईने कधी ऐकला नव्हता.

बाहेर शिट्टी वाजली. पांढरा डगला घातलेला एक मुलगा आत आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, कपाळावर घाम. तो समोर बसला. खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तुम्ही पेशंटच्या आई ना? तुमच्याबरोबर आणखी कुणी आलंय का?"

आईने मान हलवली. कुणी नाही.

"मला तुमच्याशी तुमच्या मुलीच्या तपासण्यांबद्दल बोलायचंय. बातमी…" तो थांबला. "बातमी चांगली नाही."

आई त्याच्याकडे बघत राहिली. पुढचे शब्द कानात शिरले, पण वाक्य काही होईनात. गाठ. पसरलेली. उपचार आहेत, पण. तिला मौनाची आठवण राहिली नव्हती. बोलायचं नाही म्हणून ती गप्प नव्हती, तोंडच उघडत नव्हतं. तिने टेबलाची कड धरली. मुलाने पाण्याचा पेला हळूच पुढे सरकवला. मग तोही बोलायचा थांबला आणि नुसता बसून राहिला. तिच्या हातांकडे पाहताना त्याचे डोळे भरून आले.

शिट्टी वाजली. मुलगा दचकला, उठला, "धन्यवाद" म्हणाला, आणि निघून गेला.

धन्यवाद? कशाचे धन्यवाद? कोपऱ्यातले गृहस्थ पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होते.

पुन्हा शिट्टी. दार उघडलं. आता दुसराच मुलगा, चष्मेवाला, केस चापून बसवलेले. तो बसला. खुर्ची पुढे ओढली.

"तुमच्याबरोबर आणखी कुणी आलंय का? मला तुमच्या मुलीच्या तपासण्यांबद्दल बोलायचंय. बातमी चांगली नाही."

आईच्या डोक्यातली प्रुफं तपासणारी बाई खाडकन जागी झाली. तोच मजकूर. तसाच्या तसा, दुसऱ्यांदा.

"हे आत्ताच सांगून गेला ना एक जण?" ती बोलली. नऊ वाजायचे होते, पण आता नेम राहिला बाजूला. "तुमचं तुम्हालाच माहीत नाही का, कोण काय सांगतंय ते?"

"तुम्हाला धक्का बसलाय. मी समजू शकतो."

"काय समजता डोंबल? मुलगी कुठे आहे माझी?"

"त्या शेजारच्या खोलीत आहेत, पण आधी आपण…"

आई उठली. मधलं दार होतं, ते ढकललं. लेक खाटेवर पडली होती. इस्पितळाचा ढगळ झगा, राखेसारखा चेहरा, हाताला सलाईनची नळी. उशाशी तिसराच एक डगलेवाला विचारत होता, "कळ कधीपासून येते?" आणि लेक बरगडीखाली हात दाबून, तुटक श्वासात सांगत होती. आई दिसताच तिचा श्वास एकदम सरळ झाला.

"आई? तू इथे कशी काय?"

आईने आधी नळी धरली आणि तिच्या मागे मागे जात टोक शोधलं. टोक गादीखाली खोचलेलं होतं. मग हातावरची पट्टी उचकटली. खाली सुई नव्हती. मग अंगठ्याने लेकीचा गाल चोळला. अंगठा करडा झाला.

"रंग आहे," लेक बारीक आवाजात म्हणाली. "परीक्षा चाललीय त्यांची. डॉक्टरकीच्या मुलांची. माणसाशी बोलायचं कसं, याची. आम्ही आजारी माणसं बनतो. दर बुधवारी. सर पाठवतात."

"आणि मी कोण झाले होते?"

शिट्टीवाली बाई दारात उभी होती, हातातली यादी छातीशी घट्ट धरून. "आईचं काम करणाऱ्या बाई आजारी पडल्यात. खरोखरच्या. बदली कुणीतरी येणार होतं. मला वाटलं…"

आई खाटेच्या कडेवर बसली. तो डगलेवाला पाय न वाजवता बाहेर सटकला.

"मला का नाही सांगितलंस?"

या वेळी लेकीचं उत्तर पटकन आलं नाही. तिने झग्याची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली. "बाबा इथे गेले. तू हा रस्तासुद्धा घेत नाहीस. तुला कसं सांगू की मी तिथेच जाते आणि बाबांसारखा बरगडीखाली हात धरून झोपते?"

आईने ते ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो पहिला मुलगा कुठाय?"

"बाहेर बाकावर," शिट्टीवाली म्हणाली. "पाणी मागत होता. म्हणाला, आजच्या बाईंचे हात खरोखर थरथरत होते."

"मला तुझ्या बाबांचं सांगितलं होतं ना, तेव्हा," आई लेकीला म्हणाली, "तो डॉक्टर दारात उभा होता. हात कडीवर. बोलता बोलता घड्याळ बघत होता." ती थांबली. "हा बसला. पाणी पुढे केलं आणि गप्प बसला."

लेकीने मान डोलावली. "तेच शिकवतो आम्ही त्यांना."

कोपऱ्यातले गृहस्थ मधल्या दारात येऊन उभे होते. हात जोडून त्यांनी माफी मागितली. आईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही खरे डॉक्टर?"

"हो."

"कशावरून?"

"आई," लेकीने झग्यात तोंड लपवलं.

त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून दिलं. आईने ते पालथं करूनही वाचलं. "मग हिला तपासा. आत्ता, माझ्यासमोर. बरगडीखाली."

त्यांनी निमूटपणे तपासलं. पोट दाबलं, नाडी पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला. "ठणठणीत आहे."

"आणि ठणठणीत असल्याचंच नाटक करत असली तर?"

"नाडीला नाटक येत नाही, ताई."

हे उत्तर आईला एकूण बरं वाटलं. बाहेर पडताना ती बाकापाशी थांबली. पहिला मुलगा धडपडून उठला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेली.

परतीच्या बसमध्ये दोघी एका बाकावर बसल्या.

"काकांना काय सांगणार आहेस?" लेकीने विचारलं.

"सांगेन, पोरगी आजारी पडायच्या कामाला लागलीय."

"ते जगभर करतील."

"करू देत. पण शिकून झाल्यावर हेच करणार का तू जन्मभर?"

"नाटक करीन. हेही करीन. सर म्हणतात, शिकवायलाही घेतील इथे. पण नक्की काही नाही, आई. खोटं कशाला सांगू?"

हे बोलायला तिला वेळ लागला होता. आईने ते मनात टिपून ठेवलं.

घरी आल्यावर आईने खिडकीपाशी बसून लेकीचा डावा हात मांडीवर घेतला, बोटावर तेलाचा थेंब घेतला आणि चिकटपट्टीच्या डागावर गोल गोल फिरवला. "तेलाने निघतं हे. लपवायचंच होतं तर आधी विचारायचंस."

डाग निघाला. खाली सुईची खूण नव्हती. तरीही आईने तो हात उजेडाकडे वळवला आणि पुन्हा एकदा नीट पाहिला.