हळदीच्या गोदामातला लाइट

मुद्देमाल खोलीची किल्ली हरीश साहेबांनी टेबलावरून पुढं सरकवली, चहाची बशी सरकवावी तशी.

"सोमवारपासून तिथे बसा, पुनम. जप्तीचं सामान सांभाळायचं, नोंदी ठेवायच्या. पंखाही चांगला आहे तिथे."

पुनमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात जणांचं छापा पथक, त्यात ती एकटी बाई. पाच वर्षांपूर्वी ती जागा तिला कुणी ओवाळून दिली नव्हती. धावण्यात, नेमबाजीत, भिंती चढण्यात पोरांच्या बरोबरीनं घाम गाळून तिनं ती मिळवली होती. आणि आता ती जाणार कशापायी, तर म्हणे अंगठा आखूड आहे.

झालं होतं असं. पथकाच्या पिस्तुलांना नळीखाली बसवायचा लाइट आणि लेझर घ्यायचं ठरलं. पुरवठादार दोन नमुने ठेवून गेला. एक मोठा, चांगला मुठीएवढा, हिरव्या लेझरचा. एका बटणात उजेडही लागतो आणि लेझरही. दुसरा काडेपेटीएवढा. त्याचा उजेड निम्माही नाही, बॅटरी लवकर उतरते, पण लेझर वेगळा बंद ठेवता येतो आणि बटण बोटाच्या अगदी जवळ. सकाळी अकराच्या उन्हात, ठाण्यामागच्या मैदानात तपासणी झाली. मोठ्याचा हिरवा ठिपका लांबच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि पोरांनी एका सुरात "वा" म्हटलं. सहाच्या सहा जण मोठ्यावर लट्टू. पुनमनं पिस्तूल हातात घेतलं तर तिचा अंगठा त्या बटणाला अर्धं बोट कमी पडत होता. पोचायचं तर पकड सैल करावी लागे, आणि पकड सैल झाली की पुढचं वजन पिस्तुलाचं तोंड खाली ओढी. छोटा नमुना घेतला तर बटण आपणहून बोटाखाली आलं.

"मला हा बराबर बसतो, सर," ती म्हणाली होती.

"पथकात मॉडेल एकच राहील," हरीश साहेब म्हणाले होते. "उद्या एकाचं हत्यार दुसऱ्याच्या हातात गेलं तर तो अंधारात बटण शोधत बसेल का? सगळ्यांना एकच. ज्याला ते चालवता येत नाही त्याची पथकात जागा नाही."

पहिली तिन्ही वाक्यं पुनमला पटली होती. शेवटचं पटलं नव्हतं, आणि त्या शेवटच्याचीच ही किल्ली होती.

तिनं किल्ली उचलून खिशात टाकली. पण ती जागची हलली नाही.

"अजून काय?"

"सर, नमुने उन्हात काहून तपासले?"

"म्हणजे?"

"आपून उन्हात लाइट लावून कधी कुठं शिरलो? मागच्या साली दोनदा चोर सापडले ते कुठं लपले होते? हळदीच्या गोदामात. तिथं तपासू. तिथं बी मोठाच भारी ठरला तर सोमवारची बी वाट बघणार न्हाई. आजच जाऊन बसते मुद्देमालात."

कोपऱ्यात हत्यारखान्याचे जमादार फुलसिंग नमुन्यांची खोकी बांधत होते. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, साहेबांसमोर सहसा तोंड उघडत नसे. "बात तर बराबर हाय, साहेब," ते हळूच बोलले. "तपासायला काय जातंय."

हरीश साहेब हसले. ते पुण्याकडून बदलून आलेले, हळद त्यांनी फार तर दुधातली पाहिलेली. "चला," ते म्हणाले. "तुमच्या मनाला चुटपुट नको."

कुरुंद्याच्या रस्त्यावर युसूफशेठचं गोदाम होतं. वाळलेली हळद मोठ्या लोखंडी ढोलात घालून फिरवतात, साल घासून निघते आणि हळकुंड सोन्यासारखं उजळतं, ते काम तिथं चालायचं. त्या ढोलावर वीस वर्षांपासून राबणारी बाई म्हणजे पुनमची आई, धुरपताबाई. दुपारची सुट्टी होती. पुनमनं आईला बाजूला घेऊन काय करायचं ते सांगितलं, आणि वर बजावलं, "माझी बी गय करायची न्हाई."

"गय कशाची," धुरपताबाई पदर कंबरेला खोचत म्हणाली. "तुझी नोकरी जाऊन राहिली आन् म्या गंमत करीन व्हय?"

फुलसिंगांनी सरावाची निळी प्लास्टिकची पिस्तुलं आणली होती, लाइट बसवायची खाच खऱ्यासारखीच, गोळीचा प्रश्नच नाही. नियम साधा ठरला. धुरपताबाई पोत्यांच्या थप्प्यांत लपणार, मुठीत हळदीची पूड घेऊन. शिरणाऱ्यानं तिला आधी उजेडात पकडलं तर तो जिंकला. तिची मूठ आधी त्याच्या अंगावर पडली तर तो मेला. लपायची जागा फुलसिंग ठरवणार, आणि पुनमच्या पाळीला साहेब. कुणी म्हणायला नको की मायलेकींचं आधीच ठरलेलं.

ढोल सुरू केला, शटर खाली ओढलं. भरदुपारी आत काळोख झाला. ढोलाच्या फिरण्यानं पिवळी धूळ उठली आणि छतापर्यंत भरली. हरीश साहेब पांढऱ्या सदऱ्यात, मोठा लाइट लावलेलं पिस्तूल छातीशी धरून बाजूच्या लहान दारानं आत शिरले. पथकातली पोरं दाराच्या फटीशी गर्दी करून उभी.

साहेबांनी बटण दाबलं.

त्यांच्या तोंडापुढं पिवळी भिंत उभी राहिली. एवढा जबर उजेड, पण तो पुढं जाईच ना, धुळीवर आपटून सगळा त्यांच्याच डोळ्यांत परत. त्यांनी डोळे चोळले, दोन पावलं पुढं टाकली, पोत्याला गुडघा आपटला. आणि त्यांना जे दिसत नव्हतं ते बाकी सगळ्यांना दिसत होतं. मैदानात नुसता ठिपका दाखवणारा तो लेझर इथं धुळीत अख्खा उमटला होता. थप्पीपासून थेट साहेबांच्या छातीपर्यंत हिरवी दोरी ताणावी तशी. साहेब वळले की दोरी वळे. कुणाला शोधायचं असेल तर दोरी धरून चालत जावं.

धुरपताबाई तेवढंच करीत आली. थप्पीमागून वाकून निघाली, रेघेच्या बाजूबाजूनं चालत साहेबांच्या कुशीशी पोचली, आणि मूठभर हळद त्यांच्या छातीवर अशी थापली की सदऱ्यावर पाची बोटं उठली.

"मेले तुमी, साहेब," ती शांतपणे म्हणाली.

दाराशी पथकातला कलीम फुसकन हसला आणि हसू लगेच खोकल्यावर नेलं. साहेब बाहेर आले ते डोळे चोळत, सदरा झटकायला गेले तर तळहातही पिवळे. "धूळ जरा बसू द्या," ते म्हणाले. "असं काही दिसतं का."

"बसू काहून द्यायची?" पुनम म्हणाली. "चोर काय धूळ बसायची वाट बघतो? चालू राहू द्या ढोल. तशाच धुळीत मी बी जाते."

साहेबांनी धुरपताबाईला मुद्दाम सगळ्यात आडवळणाच्या कोपऱ्यात, ढोलाच्या पलीकडं बसवलं. एकाही माणसाला सांगितलं नाही.

पुनम छोटा लाइट लावलेलं पिस्तूल घेऊन आत गेली आणि खाली बसली. लहानपणी शाळा सुटली की ती याच ढोलापाशी येऊन आईची वाट बघायची. कुणाची बांगडी, कुणाचं जोडवं पडायचं, ते शोधायला आई तिला कंदील देऊन पाठवायची आणि दर वेळी तेच ओरडायची. कंदील वर धरू नको, काई दिसायचं न्हाई. ढोल धूळ वर फेकतो, गुडघ्याखाली हवा चोख असते. पुनमनं लेझर बंद ठेवला. पिस्तूल अंगापासून लांब, गुडघ्याच्या खाली धरलं, बोटानं बटण दाबलं आणि लगेच सोडलं. मंद उजेड फरशीवरून घसरत गेला. पोती, पोती, घमेलं. ती चार पावलं सरकली, बाजू बदलून पुन्हा दाबलं. ढोलाचे पाय. पोती. तिसऱ्या वेळी ढोलापलीकडं आईच्या भेगाळलेल्या टाचा दिसल्या.

तिनं लगेच बटण सोडलं. आई अंधारात हात उगारून तयार होती, आणि उजेड जिथं दिसला होता तिथं ती मूठ सणकन आलीही. तिथं पुनम नव्हती. ती डाव्या अंगानं वळसा घालून आली होती. तिनं आईच्या पाठीवर उजेड टाकला.

"सापडली," ती म्हणाली.

धुरपताबाईनं मोकळी मूठ झटकली. "सापडले बाई. म्या तर नेम धरून मारली होती."

शटर वर गेलं. फुलसिंगांनी दोन्ही नमुने पोत्यावर शेजारीशेजारी ठेवले. पोरं भोवती गोळा झाली. पिवळ्या सदऱ्यातल्या हरीश साहेबांनी तो काडेपेटीएवढा लाइट उचलून हातात फिरवला.

"हे तुम्हाला आईनं शिकवलेलं दिसतंय," ते म्हणाले.

"व्हय, शिकवलंच की," धुरपताबाई मधेच बोलली. "साहेब, बारा वर्षं लेकराला घेऊन ढोलापाशी उभी होते. तीच तिची ट्रेनिंग म्हना."

"ठीक आहे. पुनमसाठी छोटा मागवू. बाकीच्यांना..."

"न्हाई, सर," पुनम म्हणाली. आवाज चढवला नाही, पण पोरांनी माना वर केल्या. "नियम तुमचाच हाय. पथकात मॉडेल एकच. उद्या कलीमचं हत्यार माझ्या हातात आलं तर मी अंधारात बटण शोधत बसू?"

साहेबांनी हातातला लाइट परत पोत्यावर ठेवला. मग जमादारांकडं न बघता म्हणाले, "फुलसिंग, छोटे सात लिहा."

"लिहिले, साहेब," फुलसिंग म्हणाले. त्यांनी खरंच आधीच लिहिले होते.

पुनमनं खिशातून मुद्देमाल खोलीची किल्ली काढली आणि साहेबांच्या पिवळ्या तळहातावर ठेवली.

"ही दुसऱ्या कुनाला द्या, सर," ती म्हणाली. "पंखा बी चांगला हाय तिथं."