बुकिंगशिवाय

"समितीला सांगा, बाई थंडीनं कुडकुडत होती, तिला भोवळ येत होती," कौन्सिलच्या दारातल्या बाकावर बसून वकील हॅलिवेल सांगत होता. "मग दया आली म्हणता येईल."

"भोवळ नव्हती येत," गझनफर म्हणाला.

"कुडकुडत तरी होती?"

"छत्री होती तिच्याकडे."

हॅलिवेलने डोळे मिटून घेतले.

घडलं ते अगदी साधं होतं. शनिवारची दुपार, पाऊस. गझनफरने बाजारापाशी एका गिऱ्हाइकाला सोडलं आणि तो पुढच्या बुकिंगची वाट पाहत थांबला. तासाभराने एका जोडप्याने गाडीच्या काचेवर टकटक केली. "रिकामी आहे का हो?"

एकोणीस वर्षं त्याने या प्रश्नाला बहुतेक वेळा नकाराची मान हलवली होती. रस्त्यात हात केला की थांबायचा हक्क काळ्या टॅक्सीला. त्याच्या खाजगी भाड्याच्या गाडीने आधी कंपनीच्या ऑफिसात बुकिंग केलेल्या माणसालाच न्यायचं. नाहीतर गुन्हा, शिवाय विमाही लागू होत नाही. त्या दिवशी तासभर काम नव्हतं. स्टेशन चार मिनिटांवर होतं. "बसा," तो म्हणाला. उतरताना बाईने सहा पौंड पुढे केले, त्याने ते घेतले. मग पुरुषाने खिशातून कौन्सिलच्या तपासनीसाचं ओळखपत्र काढलं.

परवाना समितीच्या खोलीत पाच जण बसले होते. अध्यक्षा मिसेस थॅकरे चष्मा नाकावर सरकवत कागद वाचत होत्या.

"एकोणीस वर्षांत एकही तक्रार नाही तुमची."

"नाही, बाई."

"मग त्या दिवशी काय झालं?"

हॅलिवेलने टेबलाखालून त्याच्या बुटाला बूट लावला.

"काही नाही झालं," गझनफर म्हणाला. "काम नव्हतं. ती माणसं बरी वाटली. बसा म्हटलं."

"अपघात झाला असता तर विम्याचा एक पैसा मिळाला नसता त्यांना. माहीत होतं?"

"माहीत होतं. म्हणून तर हळू चालवली."

कोपऱ्यातला एक सदस्य हसला आणि लगेच खोकला. मिसेस थॅकरे हसल्या नाहीत. "याआधी कधी असं केलंय?"

हॅलिवेलने सुटकेचा श्वास सोडला, कारण 'नाही' म्हणणं सोपं होतं, आणि कुणाला कळणारही नव्हतं.

"दोनदा," गझनफर म्हणाला. "एकदा एका बाईच्या पोटात कळा येत होत्या. दुसऱ्यांदा काहीच कारण नव्हतं."

"गेलं सगळं," हॅलिवेल पुटपुटला.

परवाना रद्द झाला. तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल, असं मिसेस थॅकरेंनी सांगितलं. आवाज मऊ होता. तेव्हा तो चौसष्टचा असणार होता.

"पहिलं कारण सांगून थांबायचं ना!" घरी त्याची बायको नसीम कळवळून म्हणाली. "दुसरं कुणी मागितलं होतं?"

"त्यांनी विचारलं, याआधी कधी केलंय. कळा आल्या त्याच वेळा मोजायच्या, असं नाही म्हणाल्या."

नसीमने त्याच्याकडे पाहिलं, ती उठली आणि चपात्या गरम करायला लागली.

बुधवारी सकाळी आठला तो दोन बस बदलून मिसेस ऑर्मरॉडच्या दाराशी पोचला. म्हातारी आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. सात वर्षं तोच तिला न्यायचा. आज ऑफिसने दुसऱ्या ड्रायव्हरला, वाल्डेकला पाठवलं होतं.

"अरे गझ, तू इथं कसा?" वाल्डेकने काच खाली केली.

"पुढची सीट पूर्ण मागे घे. तिचा डावा गुडघा वाकत नाही. आधी पाठ टेकू दे, मग पाय आत. घाई केलीस तर ती रडते, पण तुला दाखवणार नाही."

मिसेस ऑर्मरॉड काठी टेकत बाहेर आली. त्याला पाहून तिचा चेहरा फुलला. "आलास होय! मला वाटलं, दुसराच कुणी येणार."

"आज हा नेणार तुम्हाला. याचा हात हलका आहे."

"आणि तू?"

"मी सुट्टीवर."

त्याने तिला बसवलं, पाय उचलून आत ठेवला, पट्टा लावला आणि दार अलगद लोटलं.

वाल्डेक वाकून म्हणाला, "मागे बस की. पाऊस येतोय. जाता जाता सोडतो तुला."

गझनफर हसला. "माझं बुकिंग नाही," म्हणाला, आणि कॉलर वर करून बसथांब्याकडे निघाला.