सोनगीरजवळचा जाम

उजवा हात स्टिअरिंगवर ठेवून योगराजने डाव्या हाताने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. पारोळा सोडल्यापासून हा नववा. शेजारी बसलेल्या बायकोला, कामिनीला, आधी वाटले, डास असेल. तिसऱ्या चिमट्याला तिने तो विचार सोडला. भर दुपारी, धावत्या ट्रकमध्ये, इतक्या शिस्तीचा डास नसतो.

मग त्याला जांभई आली. ती त्याने गिळली. ओठ घट्ट, नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांत पाणी. कडू काढा घशाखाली लोटावा तशी.

"जांभई द्या ना," ती म्हणाली. "कोण शे इथे?"

त्याने हनुवटीने समोर दाखवले. काचेवर सप्तशृंगीच्या फोटोशेजारी एक काळी डबी चिकटवली होती. तिच्यात लाल टिकली पेटलेली होती.

"ती मोजते."

डबी शेठनी बसवली होती, ड्रायव्हरांच्या जिवासाठी. तसे त्यांनी ट्रकच्या मागच्या फळीवर रंगवूनही घेतले होते: 'आमचा चालक, आमचे कुटुंब'. ड्रायव्हरचे डोळे मिटले किंवा तोंड वासले, की डबीतली बाई गोड आवाजात हिंदीत सांगायची, की आपण थकला आहात, विश्राम करा. अशी चोवीस तास जागी राहणारी बाई गाडीत असल्यावर दुसरा ड्रायव्हर कशाला, म्हणून शेठनी दुसरा ड्रायव्हर काढून टाकला.

"मग ती सांगते तवय थांबत नही का तुम्ही?"

"थांबतो ना. मग ऑफिसातून हितेंद्रचा फोन येतो, गाडी का थांबली म्हणून."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. एसटीचे वेळापत्रक सांगावे तसे तो सांगत होता. महिन्यात बाई तिसऱ्यांदा बोलली, की चावी परत. मार्चमध्ये उखर्डूनानांची घेतली. बावीस वर्षे गाडीवर होते, आता नशिराबादच्या फाट्यावर पंक्चरच्या दुकानाबाहेर नुसते बसून असतात. योगराजच्या नावावर या महिन्यात बाई दोनदा बोलून झाली होती.

सलग नऊ दिवस गाडीवर राहून तो सकाळी इंदूरहून आला होता. घरी नाही, थेट रावेरकडे, केळी भरायला. कामिनी नशिराबादला हायवेवर डबा घेऊन उभी राहिली आणि सोनगीरला आईकडे जायचे म्हणून तीच डब्याबरोबर वर चढली. हितेंद्रने परवानगी दिली होती, सोनगीरला गाडी दोन मिनिटांच्या वर थांबणार नाही या अटीवर. केळी उद्या रात्री दिल्लीत हवी होती. केळ्याला डोळे नसतात, पण पिकायची वेळ ते बरोबर ओळखते.

फागण्याच्या अलीकडे पुढे कापसाचा ट्रॅक्टर होता. लांबून दिसत होता, मग जवळून दिसू लागला, मग त्याच्या ट्रॉलीला बांधलेल्या दोराच्या गाठी दिसू लागल्या. कामिनीने योगराजकडे पाहिले. त्याचे डोळे उघडे होते. टक्क उघडे. डबीतली बाई समाधानाने गप्प होती.

"अहो!"

ब्रेक लागला तेव्हा डबा तिच्या मांडीवरून उडून काचेवर आपटला. ट्रॅक्टरवाला मागे वळून काहीतरी बोलला. ते ऐकू आले नाही, हे बरेच झाले.

योगराजने कपाळ पुसले. "डोळे उघडेच होते माझे," तो म्हणाला.

तेच तर कामिनीने पाहिले होते. धुळे येऊन गेले. तिचे दोन्ही पाय अजून पुढच्या पत्र्याला टेकलेले होते, जणू ब्रेक तिच्याही बाजूला होता.

सोनगीरच्या थोडे अलीकडे, बंद पडलेल्या एका हॉटेलसमोर त्याने गाडी कडेला घेतली. निंबाची सावली होती.

"उतर. आईला नमस्कार सांग."

"नही उतरत."

"कामिनी, दहा मिनिटं झाली की हितेंद्रच्या स्क्रीनवर ठिपका लाल होतो."

"होऊ द्या. मागे जाईसन आडवे व्हा. मी शे ना."

"इंजिन बंद केलं तर कळतं. चालू ठेवलं तर डबी बघते. सीटवर कुणीच नाही दिसलं तरी बाई बोलते."

"तिले तोंड पाहिजे ना? माझं दाखवते."

तो हसणार होता. ते अर्धवटच राहिले. सीटमागच्या फळीवर तो कसाबसा सरकला आणि पाठ टेकायच्या आतच झोपला. झोपता झोपता दोनच शब्द बोलला: "निघालो, शेठ."

कामिनी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. पदर डोक्यावरून मागे घेतला, डोळे मोठे केले आणि डबीकडे पाहू लागली. टिकली लाल होती, बाई गप्प होती. तोंड कोणाचे, याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. इंजिनच्या थरथरीने कामिनीच्या बांगड्या वाजत होत्या.

अकराव्या मिनिटाला योगराजचा फोन थरथरला. तिने पहिल्याच थरथरीला उचलला. त्या आवाजाने तो हमखास जागा होतो, हे तिला घरी माहीत झाले होते.

"काय राजे, सासुरवाडीत जेवायला बसले का?" हितेंद्रचा आवाज.

"भाऊ, मी बोलतेय. कामिनी."

"वहिनी? योगराज कुठंय?"

"खाले उतरनात. जाम शे भाऊ इथे. बठ्ठा रस्ता बंद शे."

असे तिने ठरवले नव्हते. तोंडातून निघाले, आणि निघाल्यावर त्याला पुरावा द्यावा असे वाटून तिने हॉर्न दाबला. एकदा लांब, दोनदा आखूड. मागे योगराजच्या घोरण्यात काडीचाही फरक पडला नाही.

"अरे बापरे," हितेंद्र म्हणाला. "किती वेळ लागेल?"

"तास तरी." पुन्हा हॉर्न.

"बरं. इंजिन चालूच ठेवा."

फोन बंद झाला. समोर रस्ता इतका मोकळा होता, की मधल्या पांढऱ्या पट्ट्यांवर एक कुत्रे बसून पाय चाटत होते. कामिनीला हसू आले. किती सोपे होते! शाळेत असताना आजारी पडल्याचे सांगायची, त्याहून सोपे. वळून तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याचे तोंड उघडे होते, कोणी मोजत नव्हते.

वीस मिनिटांनी पुन्हा फोन.

"वहिनी, सुटला का जाम?"

"नही भाऊ." हॉर्न. आता हात सरावला होता.

"असू द्या. काळजी करू नका, तोड काढलीय. मागून आपला प्रेमराज येतोय, त्याच्याकडेही दिल्लीचीच केळी. त्याला सांगितलं, सोनगीरला बंद आहे, तू अलीकडे देवभान्यालाच दुभाजकाच्या कटमधून पलीकडच्या रस्त्याला घे. राँग साइडने पाच-सहा किलोमीटर, दहा मिनिटांचं काम. एक तरी गाडी वेळेत पोचेल."

कामिनीचा हात हॉर्नवरच राहिला.

"पलीकडून गाड्या येतस ना, भाऊ."

"लाइट लावून येईल. मुरलेला माणूस आहे. नाही कुठं म्हणाला? त्याच्याही नावावर दोन झाल्यात."

फोन बंद झाला. दुभाजकापलीकडून शिरपूरकडच्या गाड्या धुळ्याकडे सुसाट चालल्या होत्या. एक टँकर. एक लक्झरी बस, खिडकीत टॉवेल वाळत घातलेला. दोन मोटारी, एकीच्या टपावर सुटकेसा. कामिनी प्रत्येकीकडे पाहत होती आणि प्रत्येक गाडी पाहता पाहता देवभान्याकडच्या वळणामागे जात होती.

आत्ता फोन लावला तर पाच शब्दांचे काम होते. जाम नाही, मी खोटं बोलले. पाच शब्द आणि एक चावी. तिने मागे पाहिले. योगराज कुशीवर वळला होता. मांडीवर लुंगी सरकून चिमट्यांचे काळेनिळे डाग दिसत होते. काही नवे, काही पिवळे पडलेले. ती ते पाहत राहिली. किती वेळ, ते तिला नंतर कधीच नीट सांगता आले नाही. तीन मिनिटे असतील. चार असतील.

मग तिने योगराजच्या फोनमध्ये प्रेमराजचे नाव शोधले. व्यस्त. हितेंद्रला लावला. तोही व्यस्त. दोघे एकमेकांशीच बोलत असणार. पुन्हा प्रेमराज. आता घंटा वाजली, वाजत राहिली, आपोआप थांबली. पुन्हा लावला. तेच.

हितेंद्रने उचलला तेव्हा ती एका दमात बोलली.

"भाऊ, जाम नही. रस्ता मोकळा शे. मी खोटं बोलनू. ते झोपेल शेतस, त्यांची चूक नही. प्रेमराजभाऊले सांगा, परत फिरा म्हणा."

पलीकडे हितेंद्र हसला, समजूतदारपणे.

"अहो वहिनी, घाबरून काहीही बोलू नका. माझ्यासमोर स्क्रीन आहे. प्रेमराजचाही ठिपका थांबलाय, तुमच्या अलीकडे अर्ध्या किलोमीटरवर. दोन-तीन मिनिटं झाली, जागचा हलला नाही. फोनही उचलत नाही, खाली उतरला असेल बघायला. म्हणजे जाम आहेच ना? मी शेठना तसं कळवलंसुद्धा."

कामिनीने समोर पाहिले. कुत्रे अजून पांढऱ्या पट्ट्यांवरच होते.

"वहिनी? हॉर्न ऐकू येतायत की मला."

हॉर्न तिलाही ऐकू येत होते. तिचा एक हात फोनवर होता, दुसरा मांडीवर. दुभाजकापलीकडे, धुळ्याकडे जाणाऱ्या गाड्या एकामागे एक थांबत होत्या. दुधाची गाडी थांबली, तिच्यामागे एसटी, एसटीमागे ट्रक. कोणी तरी दार उघडून खाली उतरले, टाचा उंचावून देवभान्याकडे पाहिले आणि पळू लागले. अलीकडच्या रस्त्यावरचे कुत्रे उठून आरामात कडेला गेले.

योगराज अजून झोपलेला होता. नऊ दिवसांची झोप.

कामिनीने डोळे मिटले.

"चालक महोदय," डबीतली बाई लगेच म्हणाली, "आप थके हुए हैं. कृपया विश्राम करें."