चौथ्या आठवड्याचे आकडे

वर्गात तिला सगळे ताई म्हणत. मूल शाळेत रुळल्यावर, चौतिसाव्या वर्षी, ती सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.ला आली होती. प्रकल्पाला तिच्या गटात आणखी दोघं होती: प्रत्येक गोष्टीत आपलं घोडं पुढे दामटणारा पंडित आणि विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी घुमी. सहा आठवडे टाक्यांतलं पाणी तपासायचं, काचेच्या प्लेटमध्ये वाढलेले जिवाणूंचे ठिपके मोजायचे. प्रत्येकाच्या वाट्याला दोन आठवडे.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी वही चाळताना ताई चौथ्या आठवड्यापाशी थबकली. जिवाणू असे शहाण्यासारखे वाढत नाहीत. इथे आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत होते. अक्षर घुमीचं.

"हे तू मोजलंस?"

घुमीने मान खाली घातली. "नाही. मनाने लिहिले."

पंडित उसळला. "सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलंस! आता सरांना काय—"

"त्या आठवड्यात बाबा गेले," घुमी म्हणाली. "घरी जाऊन आले. सांगितलं असतं तर तुमचं काम अडलं असतं."

पंडितने वही मिटून ठेवली. ताईला आठवलं, चार दिवस ही दिसली नव्हती, आणि परतल्यावर आपण हिला काय विचारलं, तर प्लेट धुतल्या का! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिघं सरांकडे गेली. ताई सांगायला लागली, पण घुमीने तिला थांबवून सगळं स्वतः सांगितलं. सरांनी वहीतलं चौथ्या आठवड्याचं पान पाहिलं.

"तो आठवडा काढून टाका. मोजणी झाली नाही, असं स्पष्ट लिहा. मार्क मात्र कापावे लागतील. तिघांचेही."

"कापा, सर," पंडित म्हणाला. "चार दिवस एक माणूस नव्हतं, ते आम्हाला कळलं नाही."

मार्क कापले गेले. पंडितचा पहिला नंबर हुकला. त्याने त्याबद्दल पुढे अवाक्षर काढलं नाही.

सादरीकरण उरकल्यावर ताईने घुमीला कँटीनमध्ये नेलं. पंडितही मागोमाग आला.

"बाबा काय करायचे गं तुझे?"

"शिंपी होते. माझा हा ॲप्रन त्यांनीच शिवलाय. खिसा जरा मोठा ठेवला, वही मावायला."

एवढं बोलून ती रडायला लागली. ताई तिचा हात धरून बसली. दुपारच्या तासाला तिघांपैकी कुणीच गेलं नाही.