आठ दहाला न येणारी बस

बस डेपोत त्याला सुरुवातीला 'मोजणीसाहेब' म्हणत. दोन महिन्यांत त्याचं 'सरासरी' झालं आणि ते त्याला असं चिकटलं, की हल्ली तो स्वतःच फोन उचलून "हां, सरासरी बोलतोय" म्हणतो. हे नाव कसं पडलं ते तो कुणालाही सांगतो, न विचारता सांगतो, आणि सांगताना आपला मूर्खपणा थोडा वाढवून सांगतो. खरं तर वाढवायची काही गरज नाही.

बस खात्याने त्याला सहा महिन्यांसाठी घेतलं होतं. काम साधं होतं. आडगावांच्या थांब्यांवर बसची वेळ कुठेच लिहिलेली नसते, लोक आपले ताटकळत उभे राहतात. तर कुठली बस खरोखर किती वाजता येते ते शोधायचं आणि तिथे फलक लावायचा. तो संख्याशास्त्राचा पदवीधर, विद्यापीठात दुसरा आलेला. (पहिली आलेली मुलगी आधी आकडे कागदावर मांडून बघायची, असं तो आता सांगतो.) प्रत्येक बसमध्ये एक यंत्र बसवलेलं होतं. बस थांब्यावर आली की ते वेळ नोंदवायचं, अगदी सेकंदासकट, आणि ती यादी त्याच्या संगणकावर यायची. शिवाय त्याला गोल फिरणारी खुर्ची होती. एवढी सोय असताना थांब्यावर जाऊन उभं राहावं, असं कुणाच्याही मनात आलं नसतं. त्याच्याही आलं नाही.

पहिला मार्ग त्याने मावशीच्या गावाचा घेतला. अहवालात कारण लिहिलं, 'नमुन्यादाखल'. खरं कारण असं, की त्याला मावशीपुढे मिरवायचं होतं. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्याने तिच्या शिलाई मशीनखाली बसून चिंध्या मोजण्यात घालवल्या होत्या. मोजायची खोड तिथलीच.

मावशीचं मशीन आता वर्षभर चादरीखाली होतं. तिचा एक डोळा तरुणपणीच गेला होता आणि उरलेल्यात मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा ओवणं सोडा, सुई कुठे ठेवली तेच चाचपून शोधावं लागे. शहरातल्या रुग्णालयात पाच महिने थांबून तिला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. सोमवार, सकाळी दहाच्या आत हजर. चुकलात तर पुन्हा यादीच्या शेवटी. खिडकीतल्या बाईने हे दोनदा बजावलं होतं, आणि मावशी तेव्हापासून दिवसातून चारदा ते स्वतःला बजावत होती. सकाळी शहराकडे जाणारी बस एकच. दुसरी थेट दुपारी.

त्याच बसच्या त्याच्याकडे बेचाळीस दिवसांच्या नोंदी होत्या. सर्वांत लवकर सात अठ्ठेचाळीस, सर्वांत उशिरा आठ तेहतीस. सगळ्यांची बेरीज करून बेचाळीसने भागलं, तर उत्तर आलं आठ वाजून दहा मिनिटं. इतकं गोंडस उत्तर बघून त्याने खुर्चीत एक गिरकी घेतली. तेच आकडे त्याने कागदावर ठिपके काढून बघितले असते, तर एक ढीग सात पन्नासजवळ, दुसरा साडेआठजवळ आणि मध्ये मोकळं मैदान दिसलं असतं. बेचाळीस दिवसांत ती बस आठ दहाच्या आसपाससुद्धा एकदाही आली नव्हती. एक पाय उकळत्या पाण्यात आणि एक बर्फात ठेवलेल्या माणसाला सरासरी बरंच वाटत असतं, हा विनोद तो स्वतः खालच्या वर्गातल्या मुलांना सांगायचा. मुलं हसायची. तोही हसायचा.

वेळांत इतका फरक का, याचंही उत्तर त्याने खुर्चीतूनच दिलं. 'चालकाची बेशिस्त', असं अहवालात लिहिलं. त्या मार्गाच्या चालकाला, बावीस वर्षं गाडी हाकणाऱ्या माणसाला, मेमो गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथे चोरच मेमोचा मसुदा टाइप करत होता.

फलक लागला. निळ्या चौकटीत, काचेआड, 'सकाळी ८.१०'. खाली बारीक अक्षरांत 'कृपया पाच मिनिटे आधी यावे'. त्याने मावशीला फोन करून तो वाचून दाखवला, तळटीपेसकट.

रविवारी तो मावशीकडे मुक्कामाला आला. सोमवारी तिला घेऊन जायचं, आणि जमलं तर आपल्या फलकाखाली उभं राहून आपल्याच बसमध्ये चढायचं. सकाळी मावशी साडेसहापासून तयार होती. पिशवीत दोन पातळं, टॉवेल, रुग्णालयाचे कागद. सव्वासातला ती उठून खिडकीशी गेली, बाहेर बघत थोडा वेळ उभी राहिली आणि निघू या का म्हणाली. त्याने समजावलं, की उगाच लवकर जाऊन ताटकळायचं नाही, त्यासाठीच तर फलक आहे. सव्वासात ते पावणेआठ तिने हे तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो जरा चिडलाच.

आठ वाजून चार मिनिटांनी दोघं थांब्यावर पोचली. थांबा रिकामा. चिटपाखरू नाही. त्याने समाधानाने आजूबाजूला पाहिलं आणि मावशीला सांगितलं, की बघ, पूर्वी इथे लोक तासतास बसायचे, आता फलक आल्यावर सगळे शेवटच्या मिनिटाला येतात. अहवालात घालण्याजोगा मुद्दा म्हणून त्याने ते वहीत टिपूनही ठेवलं. ती वही अजून त्याच्याकडे आहे.

आठ दहा झाले. बस आली नाही, आणि शेवटच्या मिनिटाला येणारे लोकही आले नाहीत. आठ चौदाला समोरच्या दूध डेअरीतली वहिनी हात पुसत बाहेर आली. ती डेअरी एकटी चालवायची आणि गावातल्या प्रत्येक किटलीचं झाकण ओळखायची. तिने दोघांना पाहिलं, मावशीच्या हातातली पिशवी पाहिली.

"मावशी, आज डोळ्याचं होतं ना तुमचं? मग इथे काय करताय? गाडी गेली की."

"कधी?" त्याने विचारलं.

"सात पन्नासला. पाइप आत आहे ना आज."

त्याला वाटलं, बाई काहीतरी वेगळंच बोलतेय. पण वहिनीने डेअरीच्या कठड्याकडे बोट दाखवलं आणि अडाण्याला समजावून सांगावं तसं सांगितलं. डेअरीची टाकी भरली की दुधाचा टँकर येतो. कधी रोज, कधी दोन दिवसांआड. टँकर पुलाच्या तोंडाशी उभा राहतो आणि टाकीतून त्याच्यापर्यंत रस्त्यावरून पाइप टाकावा लागतो. दूध भरून होईपर्यंत, म्हणजे चांगली चाळीस मिनिटं, रस्ता बंद. बस पुलापलीकडे उभी. टँकर यायचा असला की वहिनी पहाटे पाइप धुऊन कठड्यावर टाकते. दंडाएवढा जाड, निळाजर्द पाइप. तो बाहेर दिसला की गाव साडेआठला येतं, नाही दिसला की पावणेआठला. वीस वर्षं असंच चाललंय.

"फलक लावायला आलेल्या माणसांना मी म्हटलं होतं," वहिनी म्हणाली, "की हे असं असं आहे. ते म्हणाले, आम्हाला फक्त खिळे ठोकायला सांगितलंय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्याच्या बाबतीत कळसा निळाजर्द होता आणि फलकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, वीस पावलांवर होता.

 मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली, एवढंच. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

एक गोष्ट त्याला पाठ होती. लवकर आलेली बस सहा किलोमीटरवरच्या तिठ्यावर जाऊन थांबते आणि तिथून आठ पस्तीसलाच सुटते. आता वाजले होते आठ सतरा. गावातली एकुलती एक जीप पहाटेच भाजी घेऊन गेली होती आणि वहिनीच्या नवऱ्याची मोटारसायकल नवऱ्याबरोबर. उरली डेअरीची सायकल, किटल्या वाहायची, मागे फळीएवढं रुंद कॅरियर असलेली.

"याच्यावर ऐंशी लिटर जातं," वहिनी म्हणाली. "मावशीचं काय घेऊन बसलात. तुमच्या पायात तेवढा दम आहे का ते बघा."

चालकाचा फोन नंबर त्याच्याकडे नव्हता. त्याच्याकडे चालकाचा कर्मचारी क्रमांक होता, आणि त्यावर फोन लागत नाही. वहिनीकडे नंबर होता. तिने फोन लावला, सगळं सांगितलं, पलीकडचं ऐकलं आणि खाली ठेवला.

"ते म्हणतात, मी आठ पस्तीसला सुटतो. एक मिनिट इकडेतिकडे नाही. मेमो आलाय."

मावशी कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसली, पिशवी मांडीवर, एक हात त्याच्या शर्टाला धरून. तो शर्ट तिनेच शिवलेला, दोन वर्षांपूर्वी, दिसत होतं तेव्हाचा. पहिला किलोमीटर उताराचा होता, त्यात तो मनातल्या मनात हिशेब करत राहिला. सहा किलोमीटर, अठरा मिनिटं, म्हणजे ताशी वीस. जमेल. मग चढ लागला आणि त्याला आठवलं, की ताशी वीस हीसुद्धा सरासरीच. चढावर तो उतरून सायकल ढकलू लागला. मावशीने उतरते म्हटलं, त्याने नको म्हटलं. पुढच्या खड्ड्यात ती न विचारता उतरली आणि कॅरियर धरून मागून ढकलू लागली. आठ पस्तीस वाजले तेव्हा तिठा अजून नजरेतही नव्हता. घड्याळ बघून त्याचे पाय थांबले. मावशीचे थांबले नाहीत, त्यामुळे सायकल त्याच्या पोटरीवर आदळली.

"चल," ती म्हणाली. "आलोय तर रिकामा तिठा तरी बघू."

आठ एकेचाळीसला ती दोघं वळणावरून बाहेर पडली. बस उभी होती. दरवाजा उघडा, आतले प्रवासी खिडक्यांतून माना काढून बघताहेत, आणि चालक चाकाशी उभा राहून घड्याळाची काच शर्टाला पुसतोय.

 त्याला मेमोची माफी मागायची होती, पण धाप इतकी लागलेली, की तोंडातून नुसती शिट्टी निघाली. चालकाने आधी मावशीला हात देऊन वर चढवलं, पुढची जागा रिकामी करून दिली आणि मग त्याच्याकडे वळला.

"साहेब, शुक्रवारी मी इथून सहा मिनिटं आधी निघालो होतो. आज सहा मिनिटं उशिरा निघतोय." त्याने घड्याळ मनगटावर फिरवलं. "सरासरी काढा. मी अगदी वेळेवर आहे."

अख्खी बस हसली. पुढच्या आठवड्यात डेपो हसला, आणि 'मोजणीसाहेब' कायमचे गेले. सायकल टपावर चढवली आणि तो शहरापर्यंत दांडीला लोंबकळत उभा राहिला, कारण जागा कुणी दिली नाही आणि मागायचं तोंड नव्हतं. रुग्णालयाच्या खिडकीशी ती दोघं पोचली तेव्हा दहाला सात मिनिटं कमी होती. खिडकीतली बाई म्हणाली, वेळेच्या आत आलात, छान.

शस्त्रक्रिया नीट झाली. आठ दिवसांनी तो तिला परत आणायला गेला. काळा चष्मा लावून ती खिडकीशी बसली आणि वाटेतल्या प्रत्येक मैलाच्या दगडावरचा आकडा मोठ्याने वाचत राहिली. 

थांब्यावर उतरल्यावर ती फलकापाशी गेली. तो अजून तसाच होता, कारण फलक काढायला तीन सह्या लागतात आणि तोपर्यंत एकच झाली होती. तिने चष्मा वर केला, मान वर केली, टाचा वर केल्या. 'सकाळी ८.१०' वाचलं. तळटीप वाचता येईना, तेव्हा त्याला वाचायला सांगितलं. त्याने वाचली.

"हे कुणासाठी लिहिलंस रे? मी तर आत्ता पहिल्यांदा वाचतेय. नवा डोळा लावून, तेही टाचा उंचावून."

तो म्हणाला, चुकलंच.

"पाइप मला त्या डोळ्यानेसुद्धा दिसायचा," ती म्हणाली. "घराच्या खिडकीतून. एवढा मोठा निळा पट्टा, आंधळ्यालाही दिसेल. त्या दिवशी सकाळी पाहिलं होतं मी. पाइप नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलं की तीनदा, निघू या का म्हणून." तिने चष्मा खाली घेतला. "मग म्हटलं, पोरगा शिकलाय."

 ही एवढी जागा तो ती गोष्ट सांगताना अजूनही वाढवत नाही.

आता तिथे नवा फलक आहे, डोळ्यांच्या उंचीवर, वीतभर अक्षरांत: पाइप बाहेर असेल तर साडेआठ, नसेल तर सात पन्नास. त्याच्या पहिल्या मसुद्यात चार अटी आणि एक तक्ता होता. मावशीने तो ऐकून सांगितलं, की एवढं वाचेस्तोवर गाडी जाईल. फलकाच्या खांबाला वहिनी टँकरच्या दिवशी एक निळं कापडही अडकवते, गावाच्या त्या टोकावरूनही दिसावं म्हणून. ते मावशीने शिवलंय. चारी बाजूंनी दुमड, टीप सरळ, आणि सुईत दोरा तिने स्वतः ओवला, पहिल्या झटक्यात. चौथ्या, असं वहिनी म्हणते.

चालकाचा मेमो रद्द झाला. मात्र खात्याच्या संगणकात वेळेच्या रकान्यात एकच वेळ मावते आणि पाइपसाठी रकानाच नाही, त्यामुळे तिथे ती बस आजही रोज आठ दहालाच येते. दर महिन्याला वरून विचारणा होते, की ही गाडी कधीच वेळेवर का नसते. उत्तर लिहायचं काम त्याच्याकडे आहे. लिहिण्याआधी तो आता थांब्यावर जाऊन उभा राहतो. मागच्या खेपेला त्याला जायला उशीर झाला आणि बस चुकली.