सासूबाईंची गुहा

नियम पहिला: कशालाही हात लावायचा नाही.

चुनखडीच्या गुहेत गाईडबाई टॉर्च फिरवत सांगत होत्या. या बाई म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. होणाऱ्या की नाही, ते आज ठरणार होतं. त्यांच्या मुलाने मला बजावलं होतं, "आईसमोर फक्त मान डोलव."

"हा बोटभर थर साचायला हजार वर्षं लागली," बाई अभिमानाने म्हणाल्या.

मी दातांची डॉक्टर. छतभर पिवळट सुळके लोंबत होते, मुळाशी जाड कीट. माझी बोटं शिवशिवायला लागली आणि पोटातून हसू वर सरकू लागलं.

नियम दुसरा: आता मिनिटभर दिवे बंद, सगळे गप्प.

अंधार झाला आणि मी फिसकन हसले.

"कोण ते?"

"मी. अहो, आम्ही दातांवरून हेच रोज खरवडून काढतो. अर्ध्या तासात!"

पलीकडे त्यांच्या मुलाने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. गेलं लग्न.

तिसरा नियम सांगायचा राहिलाच. अंधारात कुणीतरी चाचपडत माझा दंड धरला. बाई कानाशी कुजबुजल्या, "ए पोरी, महिनाभर दाढ ठणकतेय माझी. घरी बोलले नाहीये. उद्या बघशील?"

"बघते ना, आई!"

मी इतक्या जोरात ओरडले, की सगळ्या गुहेने त्यांना आई म्हटलं.